मुंग्यांच्या वाक्यातलं ‘साठी’

प्रश्न असा आला आहे. मुलांसाठी लिहिलेल्या एका विज्ञानलेखात ‘मुंग्या जवळचा रस्ता शोधण्यासाठी वाटेवर गंध सोडतात’ असं वाक्य होतं. संपादकांनी ‘शोधण्यासाठी’ खोडलं आणि ‘मुंगीला हेतू नसतो’ असा शेरा मारला. लेखिका विचारतात, इथे ‘साठी’ खरंच चुकतं का? आणि कोणी वरून हुकूम सोडत नसताना एखादा समूह ध्येयाच्या रोखाने वागतो, त्याला ‘सहेतुक वर्तन’ म्हणावं का?

संपादकांनी खोडलं ते बरोबर, पण दिलेलं कारण मला पटत नाही. ‘साठी’ला मन लागतंच असं नाही. ‘सुरी कापण्यासाठी असते’ म्हणताना आपण सुरीला इच्छा बहाल करत नाही. शाळेत पाठ केलेली हेतुवाचक शब्दयोगी अव्ययांची यादी आठवा: साठी, कारणे, करिता, अर्थी, प्रीत्यर्थ, निमित्त, स्तव. ‘आजारपणास्तव रजा’ यात हेतू कुठला आलाय? ते निव्वळ कारण आहे. संस्कृतात ‘हेतु’ म्हणजे कारणसुद्धा. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, डोंगरावरच्या अग्नीचं अनुमान करताना धूर हा हेतू असतो, आणि धुराच्या मनात काही बेत शिजत असतो असं नैयायिकांना म्हणायचं नसतं.

मराठीत मन लागतं ते ‘-वं म्हणून’ या रचनेला. ‘पाऊस पडला म्हणून पीक आलं’ आणि ‘पीक यावं म्हणून पेरणी केली’, दोन्हींत ‘म्हणून’च आहे. व्याकरणात पहिलं परिणामबोधक, दुसरं उद्देशबोधक. फरक सगळा ‘यावं’ या विध्यर्थी रूपात. त्यातही ‘म्हणून’ हे मुळात ‘म्हणणे’चं रूप, म्हणजे ‘पीक यावं’ असं कोणीतरी म्हणालं, निदान मनाशी तरी, आणि मग पेरलं. आता ‘जवळचा रस्ता सापडावा म्हणून मुंग्या गंध सोडतात’ हे वाचा. इथे मुंगीच्या तोंडी चक्क एक वाक्य घातलंय. हे बालकथेत शोभेल. ‘शोधण्यासाठी’ तितकं बोलकं नाही.

तरी ते खटकतं, ते कर्त्यामुळे. ‘-ण्यासाठी’च्या आधी वेगळा कर्ता सांगितला नसेल, तर मुख्य क्रियापदाचाच कर्ता तिथे गृहीत धरला जातो. म्हणजे गंध सोडणारी ती मुंगी, आणि रस्ता शोधणारीही तीच. प्रत्यक्षात तसं नसतं. ब्रुसेल्सचे शास्त्रज्ञ सायमन गॉस, झाँ-लुई दनुबूर आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली अर्जेंटिनी मुंग्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. घरटं आणि अन्न यांच्यामध्ये दोन फाट्यांचा पूल, एक फाटा आखूड, एक लांब. सुरुवातीला मुंग्या दोन्हीकडे सारख्याच जातात. आखूड फाट्यावरच्या लवकर परततात, त्यामुळे तिथला गंध आधी दाट होतो. दाट गंधाकडे आणखी मुंग्या वळतात, त्याही गंध सोडतात, आणि थोड्या वेळात जवळजवळ सगळी रांग आखूड फाट्याला लागते. दोन्ही फाट्यांची लांबी कोणत्याही मुंगीने ताडून पाहिलेली नसते.

याच प्रयोगाचा दुसरा भाग शब्द निवडायला जास्त उपयोगी आहे. आधी फक्त लांब फाटा ठेवला आणि आखूड फाटा अर्ध्या तासाने जोडला, तर रांग लांब फाट्यावरच अडकून राहते. तिथला गंध एव्हाना फार दाट झालेला असतो. जिचं ध्येयच जवळचा रस्ता आहे, ती रांग अशी अडकली नसती. म्हणून रांगेलाही ‘शोधते’ हे क्रियापद देताना माझा हात अडखळतो. मी लिहीन: ‘मुंग्या जाता-येता गंध सोडतात. जवळच्या वाटेवर तो आधी दाट होतो, म्हणून बहुतेक मुंग्या त्या वाटेला लागतात.’ परिणामबोधक ‘म्हणून’, बस.

मधमाश्यांच्या बाबतीत मात्र मी ‘साठी’ ठेवीन. पोळ्यात पिलाव्याजवळचं, म्हणजे अंडी-अळ्या असतात तिथलं, तापमान साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. तापलं की माश्या पंखांनी वारा घालतात, पाणी आणून पसरतात; गार झालं की उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब देतात. बाहेरून कोणत्याही दिशेने ढकला, पोळं पुन्हा तिथेच येऊ पाहतं. रोझेनब्लूथ, वीनर आणि बिगेलो या शास्त्रज्ञांनी १९४३ च्या निबंधात हीच खूण धरली होती: ध्येयापासून किती ढळलो हे परत कळतं आणि त्यानुसार वागणं सुधारतं, तर यंत्राच्या वागण्यालाही सप्रयोजन म्हणता येतं. पुन्हा, माशीला ३५ हा आकडा ठाऊक नसतो. तिला उकडलं की ती पंख हलवते, एवढंच. कोणाला लवकर उकडतं, कोणाला उशिरा. त्यामुळे सगळ्या एकदम सुरू होत नाहीत, एकदम थांबतही नाहीत, आणि तापमान हेलकावे खात नाही. तेव्हा वाक्य असं: ‘तापमान राखण्यासाठी पोळ्यात वारा घातला जातो.’ एरवी कर्मणी प्रयोग मला कोरडा वाटतो, पण इथे तो माशीला कर्तेपणातून मोकळं करतो.

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. सांख्य दर्शनाचा ग्रंथ म्हणजे ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका; तिच्यातली ५७ वी कारिका (श्लोक) म्हणते, ‘वत्सविवृद्धिनिमित्तं क्षीरस्य यथा प्रवृत्तिरज्ञस्य’. दूध अजाण, तरी वासराच्या वाढीसाठी ते स्रवतं. तशीच प्रकृती, म्हणजे सृष्टीचं जड मूळ, पुरुषाच्या, म्हणजे चेतन आत्म्याच्या, मोक्षासाठी प्रवृत्त होते. ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्य हे मान्य करत नाहीत. गाय सचेतन आहे, तिच्या वात्सल्यामुळे पान्हा फुटतो आणि वासराच्या चोखण्याने दूध ओढलं जातं, असं त्यांचं उत्तर. तंटा अखेर कर्ता कोण यावरच येतो. सांख्यांनी ‘निमित्त’ हा शब्द वापरला आणि तो वर दिलेल्या यादीत आहे, हे मला फार आवडतं.

आता ‘सहेतुक’. माझ्या मते नको. ‘सहेतुक दुर्लक्ष’ म्हणजे मुद्दाम केलेलं दुर्लक्ष. मराठी कानाला या शब्दात मुद्दामपणा ऐकू येतोच. ‘ध्येयनिष्ठ’ तर थेट सत्कारसमारंभात नेऊन बसवतो. ‘लक्ष्याभिमुख’ बरा, कारण तोंड कुठे आहे एवढंच तो सांगतो. मुलांच्या लेखात तोही जड वाटला तर ‘ध्येयाकडे झुकणारं वागणं’ म्हणा.

वरून हुकूम नसताना समूहात अशी व्यवस्था आपोआप लागते, तिला ‘स्वयंसंघटन’ म्हणतात. ही संज्ञा चालेल, पण ‘संघटन’ म्हटलं की संघटक आठवतो. वाहत्या मजकुरात ‘आपसूक घडी बसते’ लिहून पाहा. ‘घडी बसवणे’ला बसवणारा लागतो, ‘घडी बसणे’ला लागत नाही.