पटेल ही गुजरातमधली जात आहे का? आपल्या पाटलांशी तिचं काही नातं आहे का?

शब्दांचं नातं सख्खं, माणसांचं नाही.

दोन्हींचं मूळ ‘पट्टकिल’. माळव्याच्या परमार राजांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावच्या पट्टकिलाला आणि रयतेला उद्देशून आज्ञा असते. गावचा प्रमुख तो. इकडे त्याचा पाटील झाला, तिकडे पटेल. इंग्रजीने तर हा फरकही ठेवला नाही. महाराष्ट्रात मुलकी पाटलांचं पद रद्द करणारा १९६२ चा कायदा आहे ना, त्याच्या इंग्रजी नावात आपले पाटील चक्क ‘पटेल’ आहेत!

म्हणजे मुळात हा हुद्दा. भरूचकडे मुसलमान पटेल आहेत, गुजरातेत कोळी पटेल आहेत. आणि मुंबईत पारशीसुद्धा: १६९२ च्या सुमारास जंजिऱ्याचा सिद्दी मुंबईवर चालून आला, तेव्हा रुस्तम दोराबजींनी कोळ्यांना हाताशी धरून त्याला हुसकलं. इंग्रजांनी त्यांना कोळ्यांची पाटीलकी दिली आणि घराणं पटेल झालं.

तुमच्या मनात आहेत ते पटेल बहुधा पाटीदार. पूर्वीचे कणबी, म्हणजे शब्दानं आपले कुणबीच. ‘पाटी’ म्हणजे गावच्या जमिनीतला वाटा, तो ज्याच्याकडे तो पाटीदार. त्यांच्यात कडवा आणि लेउवा असे दोन मोठे गट; कडव्यांची कुलदेवी ऊंझ्याची उमिया, लेउवांमध्ये खोडियार देवीला मान. मध्य गुजरातेतल्या चरोतर भागात याच समाजातली काही घरं अमीन किंवा देसाई लावतात, तेही हुद्देच. तिथे आडनावापेक्षा गावाचा तोरा जास्त. करमसद, नडियाद, वसो, धर्मज, सोजित्रा, भादरण ही सहा गावं सोयरीक आपसातच करायची. सरदार पटेल करमसदचे.

पण पटेलांना खरं आडनाव वेगळं असतं, हे मला वखारीत कळलं. आमच्या गावातली लाकडाची वखार कच्छी पटेलांची. शाळेत असताना वडिलांबरोबर फळ्या आणायला गेलो, तर गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या पटेलांनी विचारलं, ‘तमारी अटक शुं छे?’ मी घाबरून वडिलांच्या मागे. गुजरातीत अटक म्हणजे आडनाव, हे कुणाला ठाऊक!

ही अटक पोकार, लिंबाणी, नाकराणी अशी काहीतरी असते. शेवटी ‘आणी’ आलं की बहुतेक वेळा कुणा पूर्वजाचं नाव, त्याचे वंशज. सौराष्ट्रात ‘इया’ भेटतो, गोंडलचे ते गोंडलिया. वखारीच्या पाटीवर मोठ्या अक्षरात पटेल होतं. पुढे त्यांच्या नातवाच्या लग्नाची पत्रिका आली, तिच्यात पटेल हा शब्द एकदाही नव्हता. वडील हसून म्हणाले, ‘मांडवात सगळेच पटेल, लिहून ओळखायचं कुणाला?’