चायनीज लग्नात १०१ चा आहेर चालेल का?

प्रश्न: ताई, आम्ही सिंगापूरला असतो. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या चायनीज मित्राचं लग्न आहे. सासूबाई फोनवर म्हणाल्या, पाकिटात १०१ डॉलर घाला, वरचा एक विसरू नका. पण शेजारीण म्हणते तसं अजिबात देऊ नका. नक्की काय करू?

उत्तर: अगं, शेजारणीचं ऐक! आपल्याकडे वरचा एक रुपया म्हणजे शुभ, ५१, १०१ शिवाय आहेर पूर्णच वाटत नाही, पण चायनीज लोकांत लग्नाला सम आकडा लागतो, कारण चांगली गोष्ट जोडीने यावी असं ते मानतात. लग्नात सगळीकडे लाल कागदावर जे अक्षर लावलेलं दिसतं ना, ते 'आनंद' हे अक्षरच दोनदा जोडून केलेलं असतं. आणि विषम रक्कम देतात ती अंत्यविधीला, पांढऱ्या पाकिटात, म्हणजे दुःख परत जोडीने येऊ नये म्हणून. आता सांग, १०१ बघून नवरीच्या आईला काय वाटेल?

सम म्हणून ४० किंवा १४० पण नको हं. मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेत, चारला 'स्स' म्हणतात आणि मरणालाही 'स्स'च, फक्त सूर वेगळा, आणि कँटोनीज, होक्कियन या दुसऱ्या चिनी भाषांमध्येही हे दोन शब्द असेच जवळचे आहेत, म्हणूनच हाँगकाँगच्या कितीतरी बिल्डिंगमध्ये लिफ्टला ४, १४, २४ ही बटणंच नसतात. आठचं उलट, तो 'बा', आणि भरभराटीचा शब्द 'फा', कँटोनीजमध्ये तर 'बात' आणि 'फात', अजूनच जवळ. बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन ८/८/२००८ ला रात्री ८ वाजता ठेवलं होतं, आठवतंय? आणि २००३ मध्ये सिचुआन एअरलाइन्सने आठ वेळा आठ असलेला फोन नंबर लिलावात २३ लाख युआनच्या वर पैसे देऊन घेतला.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो नऊ. विषम असूनही तो लग्नात चालतो, कारण 'ज्यो' म्हणजे नऊ आणि 'ज्यो' म्हणजे दीर्घकाळ टिकणारं. शिवाय तो सम्राटाचा आकडा. बीजिंगच्या राजवाड्याच्या मोठ्या दारांवर नऊ ओळींत नऊ-नऊ असे ८१ सोनेरी खिळे आहेत आणि बीजिंगमधल्याच स्वर्गमंदिराच्या गोल वेदीच्या सगळ्यात वरच्या थरावर मधल्या दगडाभोवती आधी ९ फरशा, मग १८, मग २७ असं करत त्या थराच्या शेवटच्या वलयात ८१. दगड घडवतानाही आकडा सोडला नाही त्यांनी!

तर तू १२८ किंवा १८८ दे. हॉटेलचं जेवण महागडं असेल तर तिकडे माणशी जेवणाच्या खर्चाचा अंदाज घेऊन आकडा वाढवतात, तेवढं शेजारणीलाच विचार, दोघं जाणार असाल तर दोघांचा धर. नोटा कोऱ्या, पाकीट लाल, त्यावर दोघांची नावं, आणि देताना दोन्ही हातांनी.