गावची टीम

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू बेसबॉलबद्दल विचारलंस, ‘आत्या, ओहतानी आवडतो म्हणून त्याच्या लॉस एंजेलिस डॉजर्सना पाठिंबा देऊ, की आता डेट्रॉइटला राहतोय म्हणून इथल्या टायगर्सना?’ टायगर्सना दे. ओहतानी तसाही सगळ्या जगाचा आहे. २०२४ च्या हंगामात त्याने ५४ होम रन मारले, म्हणजे बॉल थेट कुंपणापलीकडे, आणि ५९ बेस चोरले, म्हणजे बॉल मारला गेला नसताना धावत पुढचा बेस गाठला. त्याआधी एकाच हंगामात दोन्हीकडे पन्नाशी कुणालाच गाठता आली नव्हती. त्याला जरूर बघ. मीही बघते. डॉजर्सची घरची मॅच आपल्याकडे डेट्रॉइटला रात्री दहाच्या सुमारास सुरू होते, तरी तो बॅटिंगला येईपर्यंत मी जागते. पण टीम जिथे राहतोस तिथली धर.

याचं कारण असं की बेसबॉल रोज खेळला जातो. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत १६२ मॅचेस, आठवड्याचे जवळजवळ सगळे दिवस. एवढा पसारा मोबाइलवरच्या हायलाइट्समधून हाती लागत नाही. होम रन तिथे दिसतो, पण त्याआधीचे तीन वाईट बॉल त्या बॅटरने किती संयमाने सोडून दिले ते दिसत नाही. गावची टीम असली की ती ऑफिसच्या लिफ्टमध्ये भेटते, केस कापायला गेलास तर तिथे भेटते, शेजाऱ्याच्या गॅरेजमधल्या रेडिओवर ऐकू येते. काल काय झालं हे विचारायला माणसं असतात.

तू क्रिकेटवर वाढलास, त्यामुळे यशापयशाचं माप आधी बदलावं लागेल. इथे दहा वेळा बॅटिंग करून तीनदा हिट मिळवणारा, म्हणजे बॉल मारून सुखरूप बेसवर पोचणारा, उत्तम बॅटर समजला जातो. टेड विल्यम्सने १९४१ मध्ये ०.४०६ ची सरासरी काढली, अजून लोक त्याचं नाव आदराने घेतात, आणि तोसुद्धा दहापैकी सहा वेळा बादच झाला होता. चांगल्यातली चांगली टीमही वर्षाला साठेक मॅचेस हरते. तेव्हा एका मॅचवरून कुणाला डोक्यावर घेऊ नकोस आणि कुणाला पायदळी तुडवू नकोस. मे महिन्यात हताश होणारे आणि जूनमध्ये वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अंतिम फेरीची, भाषा करणारे फॅन मला मुळीच झेपत नाहीत.

आता एक काम कर. आठवड्यातून दोन-तीन मॅचेस तरी रेडिओवर ऐक. मी शाळकरी वयात या देशात आले. इथली भाषा कानावर पडली ती मुख्यतः रेडिओवरचे समालोचक अर्नी हार्वेल यांच्या आवाजात. १९६० पासून २००२ पर्यंत, मधला १९९२ चा हंगाम सोडला तर, टायगर्सच्या मॅचेस त्यांनीच सांगितल्या. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. एखादा तिसऱ्या स्ट्राइकला नुसता बघत राहिला की ते म्हणायचे, रस्त्याकडेच्या घरासारखा उभाच राहिला. फाउल, म्हणजे रेषेबाहेर मारलेला, बॉल प्रेक्षकांत गेला की तो इप्सिलँटीच्या माणसाने झेलला, सॅगिनॉच्या बाईंनी झेलला, असं बेधडक सांगायचे. कुणी झेलला हे त्यांना ठाऊक असणं शक्यच नव्हतं. पण त्या त्या गावात रेडिओ लावून बसलेल्या माणसाला मॅच आपल्या दारात आल्यासारखी वाटायची, आणि मिशिगनचा नकाशा मला असाच पाठ झाला. मे २०१० मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं पार्थिव टायगर्सच्या मैदानावर, कोमेरिका पार्कात ठेवलं होतं. हजारो माणसं रांग लावून दर्शन घेऊन गेली. समालोचकासाठी एवढी माणसं का आली, हे तुला दोन-तीन हंगाम ऐकल्यावर कुणी सांगावं लागणार नाही.

दुसरं काम, स्कोअर स्वतः लिहायला शीक. मैदानावर स्कोअरकार्ड मिळतं, नाहीतर साधी चौकटीची वही चालते. बॉल टाकणारा पिचर १, बॅटरमागे बसणारा कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, सेकंड आणि थर्डच्या मधला शॉर्टस्टॉप ६, आणि मागच्या मैदानात, आउटफिल्डमध्ये, डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, याला के, आणि बॅट न फिरवताच बाद झाला तर उलटा के. वहीत ६-४-३ लिहिलंस की शॉर्टस्टॉपने उचललेला बॉल सेकंड बेसवरून फर्स्टला गेला आणि दोघं बाद झाले. याला डबल प्ले म्हणतात.

माझ्या तरुणपणी डेट्रॉइटमध्ये ६ म्हणजे अॅलन ट्रॅमल आणि ४ म्हणजे लू व्हिटेकर. दोघं ९ सप्टेंबर १९७७ ला बोस्टनच्या फेनवे पार्कात एकाच मॅचमधून मोठ्या संघात आले आणि १९९५ पर्यंत शेजारी शेजारी खेळले. पुढच्या वेळी डबल प्ले होताना बॉलकडे न बघता सेकंड बेसमनच्या पायांकडे बघ. फर्स्टवरून धावत आलेला खेळाडू घसरत त्याच्या घोट्यावर येतोय. सेकंड बेसमनला बॉल जवळजवळ पाठमोरा मिळतो, एका पायाने बेसला स्पर्श करायचा, अंग वळवायचं आणि त्या धावणाऱ्याच्या वरून फर्स्टला फेकायचं. व्हिटेकर हे इतक्या सहज करायचा की लोकांना त्यात काही विशेष वाटेनासं झालं.

आणि इथे माझी जुनी तक्रार आहे. ट्रॅमलचे हिट २,३६५, व्हिटेकरचे २,३६९. होम रन व्हिटेकरचे जास्त, २४४. ट्रॅमल २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला, योग्यच झालं. व्हिटेकरला २००१ मध्ये पत्रकारांची पाच टक्केही मतं मिळाली नाहीत, आणि नियमाप्रमाणे पहिल्याच वर्षी त्याचं नाव यादीतून गेलं. तो गाजावाजा करणारा नव्हता. १९८५ च्या ऑल-स्टार मॅचला, म्हणजे निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्याला, तो गणवेश घरी विसरून आला, तर मैदानावरच्या दुकानातून टायगर्सचा साधा शर्ट घेतला, पाठीवर मार्करने १ आकडा काढला आणि खेळला. तो शर्ट आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि माणूस अजून हॉल ऑफ फेमच्या बाहेर. खेळाडूची किंमत तू ठरवशील तेव्हा पुरस्कारांवरून ठरवू नकोस. तो रोज मैदानावर होता का, टीमला त्याच्या जागेची कधी चिंता करावी लागली का, एवढं बघ. या हिशेबात व्हिटेकरपेक्षा वरचे सेकंड बेसमन मला फार थोडे दिसतात.

हार्वेल गेले त्यानंतर महिन्याच्या आत, २ जून २०१० ला, कोमेरिका पार्कात जे घडलं ते तुला नीट सांगायला हवं. समोर क्लीव्हलंड. आपला पिचर अर्मांडो गलारागा, व्हेनेझुएलाचा, फार मोठं नाव नव्हे. त्या दिवशी त्याने २६ बॅटर ओळीने बाद केले. २७ च्या २७ बाद म्हणजे परफेक्ट गेम. तोवरच्या सगळ्या इतिहासात असे फक्त २० झाले होते. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगच्या पहिल्याच बॅटरने खोल सेंटर फील्डला बॉल मारला, ऑस्टिन जॅक्सन पाठ वळवून धावत सुटला आणि खांद्यावरून त्याने तो झेलला. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे होणारच.

सत्ताविसावा बॅटर जेसन डोनाल्ड. त्याने उजवीकडे जमिनीलगत मारलं. आपला फर्स्ट बेसमन मिगेल काब्रेराने बाजूला धावत बॉल उचलला आणि फर्स्ट बेसवर पोचलेल्या गलारागाकडे फेकला. डोनाल्ड स्पष्ट बाद होता. अंपायर जिम जॉइस यांनी दोन्ही हात पसरून तो सेफ असल्याचं सांगितलं.

गलारागा काय करतो, तर हसतो. तो ओरडला नाही, त्याने ग्लव्ह आपटला नाही. सहकारी अंपायरवर तुटून पडलेले असताना हा परत माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, गेला आणि पुढच्या बॅटरला बाद करून ३-० ने मॅच संपवली. जॉइस यांनी आत जाऊन रिप्ले बघितला, आपण चुकलो हे पत्रकारांसमोर कबूल केलं आणि गलारागाची रडत माफी मागितली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा मॅच होती आणि होम प्लेटमागे जॉइसच उभे राहणार होते. टायगर्सने लाइनअपचा, म्हणजे खेळाडूंच्या यादीचा, कागद देऊन गलारागालाच पाठवलं. जॉइस डोळे पुसत होते. त्यांनी कागद घेतला, गलारागाच्या खांद्यावर थाप मारली, मॅच सुरू झाली. प्रेक्षकांत टाळ्या होत्या.

निकाल बदलावा अशी तेव्हा जोरदार मागणी झाली. कमिशनर बड सेलिग यांनी तो बदलला नाही आणि माझ्या मते बरोबर केलं. त्या दिवशी मैदानावर जे झालं ते झालं. नंतर कचेरीत बसून त्याला परफेक्ट म्हणण्यात काही अर्थ नव्हता. मात्र असे निर्णय तिथल्या तिथे रिप्ले बघून सुधारण्याची सोय २०१४ पासून आली, तिचं मी मनापासून स्वागत केलं. २०२६ च्या हंगामापासून स्ट्राइक-बॉलच्या निर्णयालाही, म्हणजे न मारलेला बॉल योग्य टप्प्यातून गेला की नाही यालाही, मशीनकडे दाद मागायची सोय मंजूर झाली, प्रत्येक टीमला दोन चॅलेंज. तेही चांगलंच. अंपायरला शिव्या देणाऱ्या माणसाशेजारी बसलास तर त्याच्या सुरात सूर मिसळू नकोस, एवढं मात्र ऐक. होम प्लेटपर्यंत बॉल यायला अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ लागतो.

गावची टीम धर म्हणते, पण तिचा काळा भागही धरावा लागेल. आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिनकडून खेळला. टायगर्सकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ऑझी व्हर्जिल, मैदानात उतरला तो १९५८ मध्ये. अकरा वर्षं! आणि याच शहरात त्याच्या कितीतरी आधी कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या ‘नीग्रो लीग्ज’मधल्या डेट्रॉइट स्टार्सकडून टर्की स्टर्न्स खेळून गेला होता, ज्याला टायगर्सच्या दारात कुणी उभं केलं नसतं. तो मोटारींच्या कारखान्यात काम करून घर चालवायचा. हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं ते २००० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी. मेजर लीगने २०२४ मध्ये नीग्रो लीग्जचे आकडे अधिकृत नोंदींत धरले तेव्हा कारकिर्दीच्या सरासरीत त्या लीग्जमधला जॉश गिब्सन ०.३७२ ने पहिला आला आणि तोवर पहिला असलेला, टायगर्सचा आपला टाय कॉब दुसरा झाला. इथल्या काही जुन्या लोकांना ते झोंबलं. मला समाधान वाटलं, आणि पहिल्या दहांत स्टर्न्सचं नाव वाचून तर फारच. हॅमट्रॅमकला स्टार्सचं जुनं मैदान दुरुस्त करून पुन्हा उभं केलं आहे. तुझ्या घरापासून जवळच आहे, एकदा जाऊन ये.

बाकी माझी मतं थोडक्यात. २०२३ ला आलेलं पिच क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत बॉल टाकायला लावणारं घड्याळ, उत्तम. मॅच सरासरी चोवीस मिनिटांनी आटोपशीर झाली आणि खेळातलं काहीही कमी झालं नाही. जादा इनिंगमध्ये सेकंड बेसवर फुकटचा धावणारा आणून ठेवतात, ते मला अजिबात मान्य नाही. नशीब, हंगामानंतरच्या प्लेऑफमध्ये ते नसतं. म्हणून तर २०२५ ला सिएटलविरुद्धची निर्णायक मॅच पंधरा इनिंग चालली. आपला पिचर तारिक स्कूबलने सहा इनिंगमध्ये तेरा स्ट्राइकआउट घेतले आणि तरी आपण ३-२ ने हरलो. २०१७ ला ह्यूस्टनने कचऱ्याचे डबे बडवून समोरच्या कॅचरच्या खुणा आपल्या बॅटरना कळवल्या, त्यांचं विजेतेपद काढून घ्यायला हवं होतं. उत्तेजकांचा ठपका असलेल्या बॅरी बाँड्सला हॉल ऑफ फेममध्ये घ्यावं की नाही यावर मात्र मी कुणाशी वाद घालत नाही. मी घेणार नाही.

आणि हरायची तयारी ठेव. २००३ मध्ये टायगर्स ११९ मॅचेस हरले. शेवटच्या आठवड्यात धडपडून सहापैकी पाच जिंकले म्हणून आधुनिक काळातला तेव्हाचा सर्वाधिक पराभवांचा विक्रम टळला. त्या उन्हाळ्यात ज्यांच्याशी बोलायची सवय लागली, त्यातली माणसं आजही मला फोन करतात. तीनच वर्षांनी, २००६ मध्ये, हीच टीम वर्ल्ड सिरीजमध्ये होती. तिथे आपल्या पिचरांनी बॉल उचलून भलतीकडे फेकले आणि सेंट लुईसने आपल्याला पाच मॅचमध्ये गुंडाळलं, पण तो ऑक्टोबर मी कशाशीही बदलणार नाही.

एप्रिलमधल्या एखाद्या रविवारच्या दुपारच्या मॅचची दोन तिकिटं काढते. वरच्या मजल्यावर, होम प्लेटच्या मागे. स्वस्त असतात आणि तिथून कॅचर आधी कुठे सरकतो आणि मग आउटफिल्डर कसे सरकतात, दोन्ही दिसतं. जाड जॅकेट आण, एप्रिलात नदीकडून वारा बोचतो. पेन्सिल दोन आण, एक माझ्यासाठी. आणि गाडी पार्किंगमधून लवकर काढायची म्हणून आठव्या इनिंगला उठायचं नाही, हे आत्ताच ठरवून ये.

तुझी आत्या

ता. क. स्कोअरकार्ड मी विकत घेईन. चौकटी छोट्या असतात, तर अक्षर बारीक काढायचा सराव कर.