होस्टेलच्या लॅनला (खोल्यांमध्ये केबलने येणाऱ्या नेटवर्कला) स्वतःचा वायफाय राउटर लावला की अख्ख्या मजल्याचं नेट का बंद पडतं?

भिंतीतली केबल तुम्ही राउटरच्या लॅन पोर्टात घातली असणार. मग तुमचा राउटर डीएचसीपीने (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीने) शेजारच्या खोल्यांनाही आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, वाटत सुटतो, आणि पोरं कॉलेजच्या गेटवेऐवजी (बाहेरच्या नेटकडे जायच्या दारा‍ऐवजी) तुमच्या राउटरवर येऊन अडकतात. केबल वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरून नेट आत घ्यायच्या पोर्टात, घाला (बहुतेक राउटरवर त्याचा रंग वेगळा असतो) आणि सेटिंगमध्ये 'डायनॅमिक आयपी' निवडा.

तरीही नेट नाही? कॉलेजचं नेटवर्क आणि तुमचा राउटर दोघंही १९२.१६८.१ ने सुरू होणारे तेच पत्ते वापरत असतील. राउटरचा आयपी १९२.१६८.५०.१ करा. कॉलेज मॅक ॲड्रेस (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) नोंदवून घेत असेल, तर राउटरच्या वॅनचा मॅक द्या. तो राउटरच्या सेटिंगमध्ये सापडतो.

पण हे सगळं लॅबच्या सरांना विचारूनच. आपल्या यवतमाळ-वाशीमकडच्या लहान कॉलेजात नेटवर्क सांभाळणारा माणूस बहुतेक एकच असतो, त्याला न सांगता केलं तर तो सरळ तुमचा पोर्टच बंद करतो, अन् बरोबरच करतो ना! वायफायला डब्ल्यूपीए२ (वायफायची सुरक्षा पद्धत) निवडून पासवर्ड ठेवा.

लाइन गेल्यावरही नेट राहावं म्हणून राउटरला बॅटरी घेणार असाल, तर मजल्यावरचा नेटवर्क स्विच (सगळ्या खोल्यांच्या केबल जिथे जोडलेल्या असतात तो डबा) इन्व्हर्टरवर आहे का ते आधी बघा. नसेल तर पैसे वाया.