गोधड्यांच्या खोलीसाठी ठेव मोडू का?

प्रश्न: नाशिकला घरीच तुकडेजोडीच्या गोधड्या शिवते. गेल्या दहा महिन्यांत 7 विकल्या, सरासरी 3,200 रुपयांना. एकीला सामान 1,500, कुरिअर 200 आणि माझे 26 तास लागतात. आता एक खोली या कामासाठी करायची आहे. मोठ्या गळ्याचं (सुई आणि खांब यांत जास्त जागा असलेलं) मशीन 98,000, फर्निचर 46,000, डिझाइनसाठी टॅबलेट-सॉफ्टवेअर 32,000, कापडाचा साठा 24,000, एकूण 2 लाख. घरखर्च महिना 42,000, तो नवऱ्याच्या पगारातून भागतो. 3 लाखांची पाच वर्षांची मुदत ठेव आहे (7.1 टक्के, दोन वर्षं झाली), दुसरी शिल्लक नाही. ती मोडू का?

उत्तर: ताई, खोली करा. ठेव मात्र मोडू नका, आणि ते मशीन आत्ता नकोच.

एका गोधडीमागे तुमच्या हातात 1,500 रुपये उरतात. म्हणजे 2 लाख फिटायला 134 गोधड्या विकायला हव्यात. आजच्या वेगाने त्याला सोळा वर्षं लागतील. महिन्याला 100 तास बसलात तरी चारच्या आत गोधड्या होतील, आणि तितक्या ऑर्डर अजून नाहीत. शिवाय 1,500 भागिले 26 म्हणजे तासाला 58 रुपये. भाव कमी लावताय, हे मशीनने सुटणारं नाही.

ठेव ही तुमची एकमेव अडीअडचणीची पुंजी आहे. सहा महिन्यांचा घरखर्च 2,52,000 बाजूला धरला की खेळायला 48,000 उरतात. तीच मर्यादा समजा. ठेव मुदतीआधी मोडली तर बँक दोन वर्षांना लागू असलेला दर धरते आणि वर साधारण अर्धा ते एक टक्का दंड कापते. एक टक्का जरी गेला तरी 3 लाखांवर दोन वर्षांचे सहा हजार गेले. त्यापेक्षा ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव तारण ठेवून लागतील तेवढेच पैसे उचला. व्याज सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं, तेही वापरलेल्या रकमेवरच. खोलीला सुमारे 32,000 पुरतील, ते वर्षभर वापरले तरी व्याज 2,900 च्या आसपास. (ही ठेव पिकल्यावर एक-एक लाखाच्या तीन करा, म्हणजे पुढे गरज पडली तर एकच मोडता येईल.)

ते सुमारे 32,000 असे घाला. सगळ्यात आधी सुताराकडून 5 बाय 3 फुटांचं टेबल, 10,000. तुमचं आहे तेच मशीन त्यात खाचेत बसवायचं, सुईखालची पट्टी टेबलाच्या पातळीला आली पाहिजे, उंची 29-30 इंच, डावीकडे किमान दोन फूट जागा. गोधडी टेबलाखाली लोंबली की तिचं वजन कापड ओढतं, टाके लहानमोठे पडतात आणि सुया वाकतात. बऱ्याच जणी याचा दोष मशीनला देतात. सोबत वॉकिंग फूट (मशीनला लावायचा वेगळा पाय) घ्या, तो वरचं कापड, मधला भर आणि अस्तर हे तिन्ही थर एकदम सरकवतो. नाहीतर वरचा थर पुढे पळून चुण्या पडतात. मशीनचा शँक (पाय बसवायचा दांडा) आखूड की लांब ते पाहूनच आणा. सुयांसकट 2,000.

बेतायला 24 बाय 36 इंचांची मॅट, 45 मिलिमीटरचा रोटरी कटर आणि साडेसहा बाय 24 इंचांची पट्टी, 6,500. घरचं जुनं टेबल ठोकळे लावून 35 इंचांवर घ्या, कंबर वाचेल. मांडणीसाठी 8 बाय 4 फुटांचे दोन हलके बोर्ड, त्यांवर ताणून बसवलेलं फ्लॅनेल, 4,000. सुती तुकडे त्यावर टाचणीशिवाय चिकटतात आणि जमिनीवर वाकून मांडणं संपतं. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ओल येऊन बुरशीचे डाग धरतात. इंचभर पोकळी ठेवा. पांढऱ्या उजेडाच्या दोन ट्यूब आणि इस्त्रीसाठी 16 अँपिअरचा अर्थिंगवाला प्लग, 4,500. वाफेची इस्त्री 2,000 वॅटची असली तर साधा प्लग तापतो.

टॅबलेट राहू द्या. आलेखवहीवर एक चौकोन दोन इंचांचा धरला की 60 बाय 90 ची गोधडी 30 बाय 45 चौकोनांत बसते.

कापडाचा साठा तर अजिबात नको. सहा इंची 150 तुकड्यांना 44 इंच पन्ह्याचं साडेचार मीटर, अस्तराला पाच, गोटाला अर्धा. एका गोधडीला दहा मीटर. तीन गोधड्यांपुरतंच आणा, सामानासकट 4,500, आणि आधी धुऊन घ्या. नंतर आटलं तर जोड ओढले जातात.

पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे. पहिलं कर्ज एक लाख, 5 टक्क्यांनी, 18 महिन्यांचं. हप्ता सुमारे 5,780 येतो आणि आज गोधड्यांतून तुमच्याकडे महिन्याला जेमतेम हजार येतात. आत्ता नको.

महिन्याला दोन विकल्या तर 32,000 अकरा महिन्यांत वसूल होतील, त्यावरचं व्याज धरून बारा. नव्या ऑर्डरी 3,800 ने घ्या. मोठं मशीन 26 तासांपैकी फक्त तिन्ही थरांना टाके घालण्याचा वेळ कमी करतं. सलग सहा महिने महिन्याला चार ऑर्डर आल्या आणि त्याच टाक्यांपाशी काम अडलं, तरच त्याचं कोटेशन पुन्हा मागवा. तोवर एखाद-दुसरी गोधडी टाक्यांसाठी चौरस फुटाच्या दराने बाहेर द्या. 60 बाय 90 चे साडेसदतीस चौरस फूट होतात, दर ठरवताना काम घेणाऱ्याचं मोजमाप आधी तपासा.