द्विभाषिक आंतरराष्ट्रीय शाळेत मूल दोन्ही भाषांत अर्धवट राहते का?

आपली मुलगी सात वर्षांची आहे, घरची भाषा तिसरीच आहे, आणि सर्व देशांच्या मुलांना प्रवेश देणाऱ्या खासगी द्विभाषिक शाळेत घातल्यास ती दोन्ही भाषांत कच्ची राहील का, असे आपण विचारले आहे. अशाच एका शाळेत मी काही वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवले आहे. मूल गोंधळेल ही भीती मला फारशी वाटत नाही; शाळा दुसरी भाषा कशी शिकवते, याची चौकशी मात्र बारकाईने करावी.

‘द्विभाषिक’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. सगळे विषय एकाच भाषेतून शिकवायचे आणि दुसरीचे आठवड्याला मोजके तास ठेवायचे, एवढ्यावरही काही शाळा स्वतःला द्विभाषिक म्हणवतात. गणित, विज्ञान, इतिहास हे विषयच जेथे दोन भाषांत वाटलेले असतात, तेथे मुलाला दुसऱ्या भाषेतून विचार करावाच लागतो. कॅनडात माँट्रियलजवळ सेंट लँबर्ट येथे 1965 साली इंग्रजीभाषक मुलांना बालवाडीपासून फ्रेंचमधून शिकवण्यास सुरुवात झाली, आणि पुढे त्यांचे इंग्रजीही मागे पडले नाही. तथापि त्या मुलांची घरची भाषा शाळेतल्या दोन भाषांपैकीच एक होती. आपल्या मुलीला तो आधार नसेल, हे लक्षात घ्यायला हवे.

मी स्वतः सुरुवातीला एका गोष्टीत चुकलो. एक मुलगा वर्षभरात मैदानावर अस्खलित बोलू लागला, म्हणून मी त्याचा भाषेचा जादा तास बंद करण्याची शिफारस केली. पण पाणी आटण्याची कारणे लिहायला सांगितल्यावर त्याला दोन वाक्येही जुळवता येईनात. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी हाच फरक मांडला आहे: बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा समवयस्कांच्या बरोबरीने येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. म्हणून हा जादा आधार किती वर्षे मिळतो, हे शाळेला अवश्य विचारावे. दोन-तीन वर्षांत बदली होणार असेल, तर पुढच्या ठिकाणी कोणती भाषा चालू राहील, याचाही आत्ताच विचार करावा.

घरची भाषा सोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. केवळ बोलण्यावर न थांबता तिला त्या भाषेत वाचायला आणि लिहायला शिकवावे, कारण एका भाषेत नीट कळलेली संकल्पना दुसरीत पुन्हा मुळापासून शिकावी लागत नाही. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या पदविका अभ्यासक्रमात (अनेक आंतरराष्ट्रीय शाळांत शेवटची दोन वर्षे चालणारा अभ्यासक्रम), शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला तरी, शाळेच्या देखरेखीखाली स्वतःच्या भाषेतील साहित्याचा अभ्यास करण्याची सोय आहे. ती शाळा ही सोय देते का, हेही विचारावे.

प्रवेशापूर्वी पालकभेटीच्या खास दिवशी न जाता, कामकाजाच्या साध्या दिवशी वर्गात बसण्याची परवानगी मागावी आणि तिसऱ्या-चौथ्या इयत्तेतील मुलांच्या विज्ञानाच्या वह्या दोन्ही भाषांत पाहाव्यात.