राखेच्या विटा काढायच्या आधी

भाऊ, फ्लाय अ‍ॅशच्या (वीज केंद्रात कोळसा जाळून उरलेल्या बारीक राखेच्या) विटांचा धंदा काढायचा विचार चांगला आहे, पण मशीनचं कोटेशन मागवण्याआधी राखेचं पाहून घे. नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांपाशी राखेचे डोंगर आहेत म्हणून ती आपोआप दारात येत नाही. ट्रकभाडं खातं, आणि केंद्राच्या राख-तलावातली ओली राख सायलोतल्या (साठवणीच्या उंच टाकीतल्या) कोरडीसारखी वागत नाही. मिश्रण बिघडलं की वीट ढासळते. वीज केंद्रांना सगळी राख वापरायला लावणारी ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना तुझ्या बाजूने आहे, पण नियमानं गिऱ्हाईक येत नाही. नागपुरातल्या भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, कारण तिथं घेणारा करारानं बांधलेला आहे. तूही आधी दोन-तीन बिल्डर पक्के कर. ठेकेदार लाल विटेवरच अडून बसेल; त्याला टेस्ट रिपोर्ट दाखव, उधारी मात्र बेतानं दे.